एक टन ऊस

[दृश्य: पहाटेचा अंधार. शिरोळ तालुक्यातला उसाचा फड. बॅटरीचे हलते उजेड, कोयत्यांचा आवाज.]

पहाटेचे पाच. पंचगंगेच्या काठाला जानेवारीत दव इतकं पडतं, की पाचटातून चालताना गुडघ्यापर्यंत कपडे ओले होतात. फडात टोळी उतरली आहे. मुकादमाच्या वहीत नोंद आहे दहा कोयत्यांची. फडात माणसं आहेत वीस.

ऊसतोडीच्या हिशेबात एक कोयता म्हणजे एक जोडपं. माणूस एकटा आला, तर तो अर्धा कोयता. उचल (हंगामाआधी मिळणारे आगाऊ पैसे) जोडप्यावर, मजुरी जोडप्यावर, आणि वहीत नाव बहुतेक वेळा नवऱ्याचं.

कष्ट केले की माणूस वर येतो, असं आपण लहानपणापासून ऐकतो. ते खरं आहे का, हे तपासायला कोल्हापूरसारखी जागा नाही, कारण इथे घामाचं वजन होतं. काट्यावर, टनात. म्हणून आज आपण एका टनाच्या मागे चालत जाऊ. फडापासून काट्यापर्यंत, काट्यापासून पट्टीपर्यंत, म्हणजे शेतकऱ्याच्या बिलापर्यंत.

[दृश्य: जवळून – कोयता उसाच्या बुडख्याला लागतो. हात, शेंडा, पाचट.]

ऊस जमिनीलगत तोडायचा असतो. कांडीत साखर बुडाकडे जास्त आणि शेंड्याकडे कमी असते. बुडखा तीन-चार बोटं उभा राहिला तर सगळ्यात गोड तुकडा फडातच राहतो. शेतकऱ्याचं वजन जातं, कारखान्याचा उतारा, म्हणजे उसातून निघणारं साखरेचं प्रमाण, जातो. शिवाय खोल तोडलेल्या बुडख्याला पुढचा फुटवा जमिनीखालून येतो आणि जोमदार येतो. वर राहिलेल्या बुडख्याचे कोंब हवेत फुटतात, त्यांना मुळं धरत नाहीत. म्हणजे तोडणाऱ्याला प्रत्येक घावाला कमरेतून पूर्ण वाकावं लागतं. अर्धं वाकून तोडलेला ऊस लगेच ओळखू येतो.

एक-दोन घावांत ऊस आडवा. कोयत्याच्या पाठीने पाचट काढायचं, शेंडा उडवायचा. हे हिरवे शेंडे म्हणजे वाढे. त्यातलेच चार वाढे पिळून मोळी बांधायची. बारा-पंधरा उसांची मोळी साधारण वीस किलो भरते. गाडी आली की ती डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचं आणि वर थर लावायचा. ट्रॉली भरत जाते तशी फळी उभी होत जाते. शेवटच्या थरापर्यंत दिवसभराचं अंग आंबलेलं असतं आणि पाचटानं चिरलेल्या हातांना घाम झोंबत असतो.

चांगलं जोडपं दिवसाला दोन टन तोडतं. वीस किलोच्या हिशेबाने शंभर मोळ्या. म्हणजे शंभर वेळा बांधणं, शंभर वेळा डोक्यावर घेणं.

आता दर. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या करारात तोडणीदर ३४ टक्क्यांनी वाढला आणि टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. दोन टनांचे झाले ७३२. ते दोघांचे. माणशी ३६६ रुपये, पहाटे पाचपासून दिवस मावळेपर्यंत, आणि गाडी रात्री आली तर रात्रीही.

हंगाम नोव्हेंबर ते मार्च. पाऊस, कारखान्याचा बिघाड, गव्हाणीपुढे लागलेल्या गाड्यांच्या रांगा आणि आजारपण वजा केलं, तर ११० दिवस पुरं काम मिळालं असं धरू. जोडप्याची कमाई होते ८०,५२० रुपये.

[दृश्य: कोप्यांची, म्हणजे तोडणाऱ्यांच्या झोपड्यांची, वस्ती. चूल. खांबाला बांधलेली झोळी.]

हा आकडा त्यांच्या हातात पडत नाही. तो आधीच खर्च झालेला असतो.

पावसाळ्यात मुकादम गावी येतो आणि उचल देतो. लाख, कधी त्याहून जास्त. मुलीचं लग्न, दवाखाना, घराचा पत्रा, मागची देणी, हे सगळं त्यातूनच निघतं. करार बहुतेक वेळा तोंडी. उचल घेतली की दर बोलायचा राहत नाही, टोळी बदलता येत नाही, हंगाम अर्ध्यावर सोडता येत नाही. समजा उचल एक लाख आणि काम झालं ८०,५२० चं. १९,४८० रुपये अंगावर राहिले. वर आठवड्याचा बाजार, औषधपाणी, आणि आजारी पडून बसलेल्या दिवसांचा खाडा. हे पैसे पुढच्या वर्षाच्या उचलीत धरले जातात.

ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. कष्टातून संपत्ती व्हायची, तर कमाईतून खर्च जाऊन काही शिल्लक राहावं लागतं, आणि त्या शिल्लकीला कुठेतरी वाढावं लागतं. इथे कामाची सुरुवातच शून्याच्या खालून होते. जोडपं पाच महिने राबतं ते शून्यावर येण्यासाठी.

मग अजून जोर लावला तर? अडीच टन तोडले, तीन तोडले? तोडतात काही जोडपी, चार-आठ दिवस. त्या वेगाची किंमत शरीर देतं, आणि जास्त करून बाईचं शरीर. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. खाडा पडू नये, पाळीच्या दिवसांत काम थांबू नये, पोट दुखायचं थांबावं, या धास्तीला खासगी दवाखान्यांतल्या झटपट शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला आणि हे घडलं. कष्टाला फळ असतं, हे वाक्य त्या बायकांसमोर उच्चारताना जीभ अडखळली पाहिजे.

[दृश्य: ट्रॅक्टर-ट्रॉली कारखान्याच्या काट्यावर. वजनाचा आकडा.]

गाडी काट्यावर चढते. भरलेलं वजन, रिकामं वजन, वजाबाकी, पावती. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला गेला तर बरं. उशीर झाला की वजन घटतं आणि साखर उतरते. ही पावती शेतकऱ्याच्या नावावर आणि वाहनाच्या नावावर फुटते. ज्यांनी शंभर मोळ्या डोक्यावरून चढवल्या, त्यांचं नाव तिच्यावर नसतं. त्यांचं टनेज मुकादमाकडून कळतं. स्वतः तोडलेल्या मालाचं वजन ज्याला स्वतः पाहता येत नाही, त्याच्या हिशेबात चूक झाली तर ती पकडणार कोण?

आता फडाच्या मालकाकडे येऊ. त्याचं चित्र वेगळं आहे, सोपं नाही.

२०२५-२६ साठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, ठरवली. त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जास्त. कोल्हापूरची जमीन आणि हवा उसाला मानवते, उतारा बाराच्या वर जातो. १२.२५ टक्के धरला तर क्विंटलला ४२४ रुपये २० पैसे, म्हणजे टनाला ४,२४२. त्यातून तोडणी-वाहतूक कापली जाते. ती टनाला ८५० धरली, तर पट्टीवर उरतात ३,३९२. एकरी ४० टन म्हणजे १,३५,६८० रुपये. त्यातून नांगरट, सरी, बियाणं, लागणीची मजुरी, खतं, भरणी, पाणीपट्टी आणि सोसायटीचं व्याज जायचं. ऊस बारा ते चौदा महिने शेतात उभा, आडसाली असेल तर सोळा-अठरा. वर तोड लवकर मिळावी म्हणून द्यावी लागणारी खुशाली. अर्ध्या एकराचा धनी यातून श्रीमंत होत नाही. कोल्हापुरात असे धनी गल्लोगल्ली आहेत.

इथे एक बारकावा सहसा बोलला जात नाही. तोडणाऱ्याचे ३६६ रुपये शेतकऱ्याच्या एफआरपीतून कापले जातात. म्हणजे तोडणीदर वाढला की शेतकऱ्याची पट्टी घटते. साखरेच्या साखळीतले सगळ्यात जास्त राबणारे दोघे एकमेकांच्या ताटातलं घेत राहतात. फडाच्या बांधावर खुशालीवरून होणारी भांडणं आपण पाहतो. ती का होतात, ते या वजाबाकीत आहे.

तरीही शेतकऱ्याकडे तीन गोष्टी आहेत, ज्या तोडणाऱ्याकडे नाहीत. पहिली, कायदा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, उशिराला १५ टक्के व्याज. दुसरी, संघटना. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत हंगामाआधी दराची मागणी ठरते आणि ती मान्य होईपर्यंत रस्त्यावर गाड्या अडतात. तिसरी, जमीन. तिचं कर्ज मिळतं, तिचा भाव वाढतो, ती पोरांना जाते.

आणि या शेतात कष्टाला खरंच भाव आहे. साडेचार-पाच फुटांची सरी, एक डोळ्याची निरोगी रोपं, माती तपासून खत, ठिबक, पाचट न पेटवता सरीत कुजवणं. हे मन लावून करणारा त्याच एकरात ६० टन काढतो. जादा २० टनांचे त्याच्या पट्टीवर ६७,८४० रुपये येतात आणि ते त्याचे असतात. शेजारचा ३५ टनांवर थांबतो. एकाच पायरीवरच्या दोघांमध्ये फरक पाडतो तो कष्ट. पण कुणी कोणत्या पायरीवर उभं राहायचं, ते कष्टाच्या आधीच ठरलेलं असतं.

[दृश्य: नदीवरचा बंधारा. खोबणीत बरगे बसवणारी माणसं.]

कशाने ठरलं? इथे पाहा. पावसाळा सरला की दगडी खांबांच्या खोबणीत बरगे बसवतात, नदीच्या पात्रातच पाणी तुंबतं, आणि दोन्ही काठांची गावं ते उचलतात. पावसाळ्याआधी बरगे काढून घेतात. देशभर याला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतात. वर राधानगरीचं धरण आहे. १९०९ मध्ये शाहू महाराजांनी भोगावतीवर त्याचं काम सुरू केलं. ते पुरं झालं महाराजांच्या पश्चात, स्वातंत्र्यानंतर.

या पाण्याने काठच्या जमिनीचं मोल कित्येक पटींनी वाढवलं. त्यात प्रत्येक शेतकऱ्याचा घाम होताच, पण त्याआधी एका राजाचा खजिना होता, सरकारचा पैसा होता, सह्याद्रीचा पाऊस होता. बीड, पाथर्डीकडून आलेल्या जोडप्यांपैकी अनेकांकडे जमीन आहे. ती कोरडवाहू आहे. तिथला शेतकरी इथल्यापेक्षा कमी राबत नाही. त्याच्या विहिरीला मात्र फेब्रुवारीत पाणी नसतं. पाणी हे पहिलं भांडवल, आणि ते कुणाला मिळालं हे नकाशावर ठरलं.

[दृश्य: कारखाना. चिमणी, बगॅसचा ढीग, मोलॅसिसची टाकी.]

कारखान्यात आपला टन फुटतो. १२ टक्क्यांनी १२० किलो साखर. पावणेतीनशे-तीनशे किलो बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, ज्यावर बॉयलर चालतो आणि वीज विकली जाते. चाळीसेक किलो मळी, म्हणजे मोलॅसिस, जिच्यापासून इथेनॉल. उरलेला प्रेसमड, म्हणजे रसातला गाळ, खत होऊन शेतात. २०१३ च्या राज्याच्या कायद्याने या उत्पन्नातला वाटा शेतकऱ्याला मोजून द्यायचा आहे: उपपदार्थ धरून ७० टक्के, किंवा नुसत्या साखरेच्या ७५ टक्के. सहकारी कारखान्याचा सभासद त्या कारखान्याचा भागधारकही आहे. इथेनॉलला चांगला दर मिळाला तर त्याला निदान मागता येतं. तोडणाऱ्याचा दर टनाला बांधलेला. साखर महागली, वीज विकली, तरी तो कराराची मुदत संपेपर्यंत तोच.

त्याच गावात पहाटे दूध संस्थेसमोर कॅनची रांग लागते. १९६३ पासून कोल्हापूरच्या 'गोकुळ' दूध संघाने जे उभं केलं, त्याचं गणित साधं आहे. म्हैस बाईची. मापात तिच्यासमोर दूध ओततात, फॅट तिच्यासमोर लागतं, दहा दिवसांनी बिल, दिवाळीला दरफरक. म्हशीची वैरण, धार, शेण, सगळं कष्टाचंच. पण दोन वेतांनंतर गोठ्यात एक रेडी उभी असते, आणि ती तिची असते.

तोडणाऱ्या जोडप्यासाठी काय बदलता येईल, हेही याच चित्रात दिसतं. टोळीच्या टनेजची पावती रोजच्या रोज त्यांच्या मोबाईलवर. नवरा-बायको दोघांची वेगळी नोंद आणि दोघांच्या वेगळ्या खात्यांत पैसे. उचलीचा लेखी कागद, त्यावर जमा-खर्च. बसून राहिलेल्या दिवसांचा भत्ता. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ आहे. त्याची नोंद फडावर, कोपीत, भरती होतानाच व्हायला हवी. यातलं काहीही तंत्राला अवघड नाही. काट्यावरचा आकडा आजही संगणकात जातोच.

[दृश्य: मार्चअखेर. सामानाने भरलेला ट्रॅक्टर. भांडी, गोधड्या, वर बसलेली मुलं.]

पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला. कोप्या मोडल्या. मुकादमाने वही उघडून फिरल्याची, म्हणजे अंगावर राहिलेली, रक्कम सांगितली आणि पुढच्या वर्षाच्या आकड्यावर बोट ठेवलं.

[दृश्य: तोच फड, तीन आठवड्यांनी. जवळून – जमिनीलगतचा बुडखा.]

फडाला पाणी दिलंय. बुडखे जमिनीलगत नीट कापलेले, त्यामुळे कोंब मातीखालून आले आहेत, दाट, एकसारखे. हा खोडवा. याला नांगरट नाही, बियाणं नाही, लागणीची मजुरी नाही. पुढच्या हंगामात हा फड पुन्हा तोडणीला येईल.