उन्हाळी भाज्यांसाठी गादी वाफा

श्रोतेहो, नमस्कार. संक्रांत मागे पडली की भेंडी, गवार, काकडी, दोडका यांच्या लागवडीचे दिवस येतात आणि परसबाग असलेल्या घरांत गादी वाफे, म्हणजे जमिनीपेक्षा उंच केलेले मातीचे वाफे, करण्याची तयारी सुरू होते. पावसाळ्यातल्याच मापाने उन्हाळ्यातला वाफा केला, तर एप्रिल उजाडेपर्यंत त्यावरची भाजी तगत नाही, आणि म्हणून उन्हाळी वाफ्याचा विचार वेगळा का करावा लागतो, हे आज सांगायचे आहे.

खरिपात मिरची-टोमॅटोची रोपे गादी वाफ्यावर वाढवतात ती मुळांशी पाणी साचून रोपे मरू नयेत म्हणून. थंड देशांत वाफा उंच करण्याला आणखी एक कारण असते: जमिनीच्या वर आलेली माती वसंत ऋतूत लवकर ऊब धरते आणि पेरणी लवकर साधते. तिकडचे फळ्यांच्या चौकटीतले उंच वाफे चित्रांत पाहून आपल्याकडेही तसेच करण्याची हौस वाटते. परंतु विदर्भ-मराठवाड्यात किंवा सोलापूर-नगर भागात मार्चनंतर मातीला ऊब कमी पडत नाही, ओल कमी पडते. वाफा जितका उंच, तितक्या त्याच्या बाजू उघड्या, आणि ऊन-वारा त्या बाजूंनीही ओल खेचून नेतो. यासाठी उन्हाळी वाफ्याची उंची 10 ते 15 सेंटीमीटरच ठेवावी, पावसाळ्यात ती 20 ते 30 असली तरी चालते. रुंदी मात्र 1 मीटरपर्यंत असावी, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि वाफ्यात पाय पडत नाही. वाफ्याच्या कडांना बोटभर उंच बांध घालून माथा किंचित खोलगट ठेवला, तर दिलेले पाणी बाजूने ओघळत नाही.

मग उन्हाळ्यात गादी वाफा करावाच कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. आपली काळी माती तुडवली की घट्ट होते, वाळली की भेगाळते, आणि पाणी जास्त झाले की मुळांना हवा मिळू देत नाही. न तुडवलेला, खत मिसळलेला भुसभुशीत वाफा या तिन्ही अडचणींवर उपाय आहे. कोकणातल्या जांभ्या मातीत मात्र पाणी मुळातच झरझर निघून जाते, तिथे उन्हाळ्यात सपाट वाफेच अधिक सोयीचे, असे माझे मत आहे.

मातीची मशागत वाफशावरच, म्हणजे माती ना कोरडी ना चिखल अशा बेताच्या ओलीवर, करावी. कोरडी जमीन खणली तर ढेकळे निघतात, ओली खणली तर चिखलाचे गोळे वाळून विटेसारखे होतात. म्हणून जागा आधी भिजवून दोन-चार दिवस थांबावे आणि मूठभर माती दाबून पाहावी. तिचा गोळा झाला, आणि तो खाली टाकल्यावर फुटला, तर वाफसा आला असे समजावे. एक फूट खोल खणून हरळी आणि लव्हाळ्याच्या गाठी हातांनी वेचाव्यात, कारण मागे राहिलेली प्रत्येक गाठ पाण्याबरोबर पुन्हा फुटते.

शेणखत पूर्ण कुजलेले, काळसर आणि वास नसलेलेच घ्यावे. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणी, म्हणजे मुळे खाणारी अळी, येते आणि वाळवीलाही आमंत्रण मिळते. शेतात हेक्टरी 20 टन शेणखत घालतात, म्हणजे चौरस मीटरला 2 किलो. परसबागेतल्या लहान वाफ्याला याच्या दुप्पट घालायला हरकत नाही, कारण उन्हाळ्यात ओल धरून ठेवण्याचे काम हेच खत करते. चौरस मीटरला दोन मुठी निंबोळी पेंडही मिसळावी. वाळलेला पाला किंवा लाकडाचा भुसा मात्र मातीत गाडू नये. तो कुजताना मातीतले नत्र ओढून घेतो आणि रोपे पिवळी पडतात.

तोच पाला वाफ्याच्या वर पसरला, तर अमोल ठरतो. मे महिन्यात आपल्या कोरड्या भागांत उघड्या भांड्यातले पाणी दिवसाला 10 मिलिमीटरच्या आसपास उडून जाते, आणि एका चौरस मीटरवर 10 मिलिमीटर म्हणजे 10 लिटर पाणी. विहीर आटत चाललेली असताना हे पाणी वाचवायचे, तर उसाचे पाचट, वाळके गवत किंवा भाताचा पेंढा चार बोटे जाड अंथरावा, आणि तो वाफ्याच्या उतरत्या बाजूंवरही घालावा. बाजू उघड्या सोडण्याची चूक फार ठिकाणी दिसते. बी उगवेपर्यंत ओळीपुरती जागा मोकळी ठेवून, रोपे वीतभर झाल्यावर आच्छादन बुंध्याच्या जवळ सरकवावे, परंतु बुंध्याला चिकटू देऊ नये.

भेंडीचे बी रात्रभर भिजवून फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात टोकावे. त्याआधी थंडी रेंगाळत असेल, तर उगवण रखडते. दोन ओळींत 30 सेंटीमीटर आणि दोन रोपांत 15 सेंटीमीटर अंतर उन्हाळ्याला पुरते, कारण दाट रोपांची सावली मातीवरच पडते. काकडी, दोडका वाफ्याच्या एका टोकाला लावून मांडवावर चढवावेत. पाणी सकाळी लवकर द्यावे आणि रोज थोडे थोडे शिंपडण्याऐवजी एक दिवसाआड, मुळांपर्यंत पोचेल इतके द्यावे; माती हलकी असेल, तर एप्रिलपासून ते रोज द्यावे लागेल, आणि त्याचा अंदाज आच्छादन बाजूला सारून बोट मातीत खुपसल्यावर येतो.