दारातच अडवायचा विषाणू

श्रोतेहो, नमस्कार. एचआयव्हीवरच्या बहुतेक गोळ्या विषाणू पेशीत शिरल्यावर त्याचं काम बंद पाडतात. मला आज त्याआधीच्या टप्प्याबद्दल बोलायचंय.

विषाणूच्या अंगावरचं जीपी १२० हे प्रथिन आधी आपल्या पेशीवरच्या सीडी ४ या प्रथिनाला धरतं, मग तिथल्याच सीसीआर ५ किंवा सीएक्ससीआर ४ या प्रथिनाला. पकड बसली की विषाणूचं दुसरं प्रथिन, जीपी ४१, पुढे येतं आणि आपलं टोक पेशीच्या आवरणात रुतवतं. त्याचे दोन पट्टे पर्सच्या चेनसारखे एकमेकांत बसतात, त्या ओढीनं दोन्ही आवरणं एक होतात आणि विषाणू आत जातो. चेनच्या एका बाजूच्या दात्यांत आधीच दुसरे दाते अडकवून ठेवले तर? एन्फ्युव्हर्टाइड हे औषध नेमकं हेच करतं. ही ३६ अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनांच्या मण्यांची, छोटी साखळी (अशा साखळीला पेप्टाइड म्हणतात) खुद्द जीपी ४१च्याच एका पट्ट्यावरून घेतलेली आहे. विषाणूचाच तुकडा विषाणूच्या आड येतो, याचं मला आजही नवल वाटतं. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या संशोधनातून ते पुढे आलं आणि मार्च २००३मध्ये तिथं मंजूर झालं.

मग ते सर्रास का वापरलं गेलं नाही? पेप्टाइड पोटात गेलं की पचून जातं. म्हणून ९० मिलिग्रॅमचं इंजेक्शन, कातडीखाली, दिवसातून दोनदा. टोचलेल्या जागी जवळजवळ प्रत्येकाला गाठ, लाली, दुखणं. वर्षाचा खर्च २० हजार डॉलरच्या घरात. आणि त्याच काळात, २००१मध्ये, आपल्या मुंबईच्या सिप्लानं एचआयव्हीवरच्या तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला होता!

एवढी तफावत कशी, ते प्रयोगशाळेच्या टेबलाशी उभं राहिलं की कळतं. अशी साखळी बनवायला काचेच्या नळीत रेझिनचे, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थाचे, बारीक मणी घ्यायचे, त्यांवर एक अमिनो आम्ल जोडायचं, धुवायचं, त्याच्या टोकावरचं, नको ती जोड होऊ न देणारं झाकण काढायचं, पुन्हा धुवायचं, पुढचं जोडायचं. प्रत्येक जोड ९९ टक्के साधली तरी ३५ जोडांनंतर पूर्ण साखळी जेमतेम ७० टक्के मिळते. ९८ टक्के साधली, तर निम्मीच. बाकी सगळ्या अर्धवट साखळ्या, आणि त्या निवडून काढणं महाजिकिरीचं. एन्फ्युव्हर्टाइड म्हणूनच तीन तुकड्यांत बनवून मग जोडलं गेलं. तरी पायऱ्या शंभराच्या वर.

शिवाय जीपी ४१मधलं एखादं अमिनो आम्ल बदललं की विषाणू निसटतो.

संशोधक गप्प बसलेले नाहीत. चीननं २०१८मध्ये अल्बुव्हर्टाइड हे याच जातीचं औषध मंजूर केलं. ते रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून टिकतं, म्हणून आठवड्याला एकदा शिरेतून दिलं तरी चालतं. काहींनी आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी अमिनो आम्लं वापरलीत, ती आपल्या पाचकरसांना सहसा तोडता येत नाहीत. काहींनी साखळीच्या शेपटाला कोलेस्टेरॉल जोडलंय, म्हणजे ती पेशीच्या आवरणापाशीच दबा धरून बसते.

एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या नेहमीच्या उपचाराच्या, गोळ्या घेणाऱ्यांनी त्या मुळीच सोडू नयेत. सरकारी केंद्रांत त्या २००४पासून मोफत मिळतात आणि उत्तम काम करतात. पेप्टाइडची गरज आहे ती अनेक औषधं हरलेल्या रुग्णांना, आणि ती माणसं थोडी असली तरी आपलीच आहेत.

माटुंग्याच्या, पवईच्या रसायनाच्या विद्यार्थ्यांनो, स्वस्त गोळ्या करून दाखवणाऱ्या शहरात तुम्ही शिकताय. प्रत्येक जोड ९९वरून साडेनव्याण्णववर न्या. ७०चे ८४ टक्के होतात, मी हिशोब करून पाहिलाय.