काम सध्या कोणाकडे आहे? अनेक ग्राहक सांभाळणाऱ्या फ्रीलान्सरसाठी

नमस्कार. एकाच वेळी चार-पाच ग्राहकांची कामे हाती असताना सगळे सांभाळायचे कसे, असे आपण गेल्या काही व्हिडिओंखाली सातत्याने विचारत आहात, म्हणून आज त्यावरच बोलतो.

प्राथमिक गोष्टी आपल्याला ठाऊक आहेतच. प्रत्येक ग्राहकाचे फोल्डर वेगळे असावे, कामांची यादी मात्र एकच असावी, आणि फाइलच्या नावाच्या सुरुवातीला आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी तारीख लिहावी. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आयएसओ ८६०१ या तारीख-वेळ लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात हाच क्रम आहे, आणि तो पाळला की नावानुसार लावलेल्या फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘एकदम फायनल’ अशी नावे कृपया देऊ नका; त्यांतली मंजूर झालेली कोणती, हे महिनाभराने आपल्यालाच सांगता येत नाही.

खरी अडचण पुढे आहे. बहुतेकांच्या यादीत कामाच्या दोनच अवस्था असतात: बाकी आणि पूर्ण. ‘ग्राहकाच्या उत्तराची प्रतीक्षा’ ही तिसरी अवस्था कोणी लिहीतच नाही. मीही लिहीत नव्हतो. एका माहितीपुस्तिकेचा मसुदा पाठवला आणि यादीतल्या त्या ओळीवर मी काट मारली. चौथ्या पानावरच्या दोन शंका पिवळ्या रंगाने दाखवल्या होत्या, पण त्यांची उत्तरे हवीत हे ईमेलमध्ये लिहिले नव्हते. ग्राहक अंतिम प्रतीची वाट पाहत राहिले आणि माझ्या डोळ्यांसमोरून ते काम पुसले गेले. बारा दिवसांनी, छपाईच्या आदल्या दिवशी फोन आला, तेव्हा आणखी दोन कामांची मुदत त्याच दिवशी होती. रात्रभर जागून प्रत दिली, तरी त्या ग्राहकाने पुन्हा काम दिले नाही, आणि ते मला आजही लागते.

म्हणून प्रत्येक कामापुढे ते सध्या कोणाकडे आहे, कोणत्या तारखेपासून आहे आणि उत्तर आले नाही तर आपण पुन्हा कधी विचारणार, हे लिहावे. वेळेच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचे आहे, कारण पाचपैकी तीन कामे ग्राहकांकडे असताना आपल्याला मोकळे वाटते, आपण सहावे काम घेतो आणि नेमकी ती तिन्ही एकाच दिवशी परत येतात. पाठवलेले बिलही प्रतीक्षेतलेच काम आहे. पैसे खात्यात जमा होईपर्यंत त्याची ओळ यादीतून काढू नये.

‘कोणते ॲप वापरू?’ असे अनेकांनी विचारले आहे. वही चालेल, स्प्रेडशीट चालेल. ‘कोणाकडे’ हा रकाना मात्र त्यात हवा.

ग्राहकाला आठवण करून देणे उद्धटपणाचे वाटते, असे एका प्रेक्षकाने लिहिले होते. हा संकोच मी समजू शकतो. त्यावर उपाय म्हणजे आठवणीचा दिवस काम पाठवतानाच सांगून ठेवणे. मी आता असे लिहितो: “पान ४ वरील दोन शंकांची उत्तरे आपल्याकडून मिळाल्यावर दोन दिवसांत अंतिम प्रत देतो. गुरुवारपर्यंत उत्तर आले नाही, तर शुक्रवारी सकाळी फोन करतो.” शुक्रवारी फोन केला, तर तो ग्राहकाला अनपेक्षित नसतो, आणि बहुतेक वेळा उत्तर गुरुवारीच येते.