पेशीला आपला जीन नको असतो तेव्हा

स्क्रीनवर दोन फोटो आहेत, नीट बघा. दोन्ही माझ्याच प्लेट्स, दोन्हीत ई. कोलाय नावाचे जिवाणू, दोन्हीत हिरव्या चमकणाऱ्या प्रोटीनचा तोच जीन. पहिली सोमवारची, निळ्या लाइटखाली सगळ्या कॉलनी हिरव्यागार. दुसरी १० दिवसांनंतरची, मधल्या काळात रोज एक थेंब नव्या मीडियात, म्हणजे जिवाणूंच्या खाद्यद्रवात, टाकत गेले, आणि आता निम्म्याहून जास्त कॉलनी पांढऱ्याफटक. इथेच पुण्यात एमएस्सीला होते तेव्हा, वाटलं आपलंच काहीतरी चुकलं, रात्रभर झोप नाही. मीडियात अँटिबायोटिक होतं, आणि त्यापासून वाचवणारा जीन आपल्या जीनसोबत प्लास्मिडवर, म्हणजे पेशीत घातलेल्या डीएनएच्या छोट्या गोल तुकड्यावर, म्हणजे प्लास्मिड टाकून देणारी पेशी मरणारच. मग सीक्वेन्स करून बघितलं, तर प्लास्मिड जागेवर, फक्त आपल्या जीनपुढचा प्रमोटरचा, म्हणजे जीन चालू करणाऱ्या बटणाचा, तुकडा गायब! म्हणजे औषधापासून वाचवणारा भाग ठेवला आणि नुसतं ओझं असलेला भाग बंद. अशी एखादी पेशी चुकून तयार होते, बाकीच्यांपेक्षा जरा लवकर वाढते, आणि १० दिवसांत निम्म्याहून जास्त ट्यूब तिच्याच लेकरांची.

सिंथेटिक बायोलॉजी शिकवताना मी इथूनच सुरुवात करते. पेशीने काय करावं ते आधी कागदावर मांडायचं, तसा डीएनए लिहायचा आणि पेशीला द्यायचा, एवढंच आहे हे शास्त्र. १९७० मध्ये हरगोविंद खुरानांच्या टीमने यीस्टचा ७७ बेसपेअरचा (डीएनएच्या अक्षरजोड्यांचा) जीन केमिस्ट्रीने बनवला त्यामागे कित्येक वर्षांची मेहनत होती, आज तुम्ही सीक्वेन्स टाइप करून ऑर्डर दिली की कुरिअरने ट्यूब येते. लिहिणं सोपं झालंय हो, पण पेशी ते कसं वाचेल हे अजून अवघडच आहे.

२००० साली एलोविट्झ आणि लायब्लर या शास्त्रज्ञांनी ई. कोलायमध्ये तीन जीन असे जोडले की पहिला दुसऱ्याला दाबतो, दुसरा तिसऱ्याला आणि तिसरा परत पहिल्याला. वहीत गोल काढून बघा, कुणीच कायमचं जिंकत नाही, आणि हिरवं प्रोटीनही याच तालावर बांधलेलं, त्यामुळे पेशी हिरवी होते, विझते, परत हिरवी, एकेक फेरा काही तासांचा. मला हे आजही फार सुंदर वाटतं. पण एकाच पेशीच्या दोन लेकीसुद्धा थोड्या वेळाने वेगळ्या तालात जातात, कारण आत रेणू मोजकेच, कोण कधी कुणाला चिकटेल हा नशिबाचा भाग. ढोलपथकात ताशा सगळ्यांना धरून ठेवतो, इथे ताशाच नाही.

आणि २०१६ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने फक्त ४७३ जीनवर जगणारी पेशी बनवली, त्यातल्या १४९ जीनचं नेमकं काम काय हे बनवणाऱ्यांनाही सांगता येत नव्हतं, पण काढले तर पेशी मरते किंवा धड वाढत नाही.

म्हणून प्रॅक्टिकलला नुसती पहिल्या दिवसाची हिरवी प्लेट दाखवून मार्क घेऊ नका. १० दिवस थांबा, पांढऱ्या कॉलनी मोजा, त्यातली एक उचला आणि तिने नेमकं काय काढून टाकलं ते शोधा.