शीव, पाट आणि जवाचं कर्ज

दक्षिण इराक. तैग्रिस आणि युफ्रेटिसच्या मधला सपाट, उन्हाने भाजणारा मुलूख. पाऊस इतका तुटपुंजा की पाटाचं पाणी आलं तरच पीक. इथल्या प्राचीन सुमेर संस्कृतीतली दोन नगरराज्यं, लगाश आणि उम्मा, इथे एकाच सुपीक रानासाठी सुमारे दीडशे वर्षं भांडली. त्या रानाचं नाव गुएदेना.

पहिला निवाडा किशचा राजा मेसिलिम याने केला. त्याने शीव मोजून शिळा उभी केली. उम्माचा शासक उश याने ती फोडली आणि तो लगाशच्या रानात घुसला.

इ.स.पू. २४५० च्या सुमारास लगाशच्या एआन्नातुमने उम्माला हरवलं. त्याचा विजयस्तंभ तुकड्यातुकड्यांत सापडला. आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. नीट बघा. ढालींची भिंत करून सैनिक चाललेत, पायाखाली प्रेतं. वर गिधाडं, चोचीत माणसांची मुंडकी. दुसऱ्या बाजूला लगाशचा देव निंगिर्सू. त्याच्या हातातल्या जाळ्यात उघडेनागडे कैदी कोंबलेत. एकाने डोकं बाहेर काढलंय, आणि देवाची गदा नेमकी त्याच डोक्यावर आहे.

पण हे वैर धुमसत राहिलं ते लढाईनंतरच्या व्यवहारामुळे. उम्माला शिवेलगतची जमीन कसायला मिळाली, जव देण्याच्या बोलीवर. जव थकलं. त्यावर व्याज चढलं, मग व्याजावर व्याज. चक्रवाढ व्याजाचा हा सगळ्यात जुना उल्लेख मानतात. लगाशने मांडलेला आकडा एवढा प्रचंड होता की तेवढं जव पिकवणं कुणालाच शक्य नव्हतं. असं देणं मागणं म्हणजे शेजाऱ्याला पुन्हा लढाईवर ढकलणंच होतं.

झालंही तसंच. उम्माच्या उर्लुम्माने शिवेवरच्या पाटांचं पाणी वळवलं, शिळांना आग लावली. एआन्नातुमचा पुतण्या एन्मेतेना याने त्याला पिटाळलं. पळताना तो पाटाच्या काठावर गाढवांचे ६० ताफे सोडून गेला. हे सगळं एन्मेतेनाने मातीच्या शंकूवर लिहवून ठेवलंय. अर्थात, हे लगाशचं म्हणणं. उम्माच्या बाजूचे लेख फारच थोडे हाती आलेत, हे ऐकणाऱ्याने विसरू नये.

इ.स.पू. २३५० च्या सुमारास पारडं फिरलं. उम्माच्या लुगालझागेसीने लगाशची देवळं जाळली, चांदी आणि रत्नं लुटली. तेव्हा लगाशवर उरुकागिना राज्य करत होता, गोरगरिबांना लुबाडणाऱ्या अधिकाऱ्यांना आवर घालणारा राजा. त्या विध्वंसाची एक मातीची पाटी उरलीय. एकेका देवळाचं नाव घेत ती नासधूस सांगते. शेवटी म्हणते, यात उरुकागिनाचा दोष नाही. लुगालझागेसीची देवी निसाबा हिने हे पाप आपल्या मानेवर वाहावं.

लुगालझागेसीने उरुक शहरही घेतलं, सुमेरचा मोठा भाग एकछत्री केला. मग उत्तरेकडून अक्कडचा सार्गोन आला. त्याने लुगालझागेसीच्या गळ्यात खोडा अडकवून त्याला निप्पूरला, एन्लिल देवाच्या दारात आणलं. उम्मा घेतलं, लगाशचा मुलूख समुद्रापर्यंत जिंकला आणि तिथल्या पाण्यात आपली शस्त्रं धुतली.