इतिवृत्त ऐकल्याशिवाय मांडवातून उठू नका

नमस्कार मंडळी. खाडीवर, किनाऱ्यावर मोठा प्रकल्प यायचा असला की त्यात आपलं म्हणणं मांडायचा जो हक्क आहे, त्याबद्दल आज बोलूया.

१९९२ साली ब्राझीलमधल्या रिओच्या पर्यावरण परिषदेत जो जाहीरनामा झाला त्यातलं दहावं तत्त्व तीन गोष्टी सांगतं, माहिती, सहभाग आणि न्याय. परत सांगते, माहिती, सहभाग, न्याय. मग १९९८ ला डेन्मार्कच्या आरहूस शहरात यावर करारच झाला, त्यात साधा माणूससुद्धा आपल्या सरकारची तक्रार थेट कराराच्या समितीकडे नेऊ शकतो. भारत त्यात नाही, असायला हवा असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे आहे ती २००६ ची ईआयए, म्हणजे पर्यावरणावरच्या परिणामांच्या अभ्यासाची, अधिसूचना आणि तिच्यातली जनसुनावणी, म्हणजे प्रकल्पाबद्दल लोकांचं म्हणणं ऐकायची जाहीर बैठक.

आता देवगडकडच्या एका सुनावणीची गोष्ट ऐका, मी ही सगळीकडे सांगते. प्रकल्पाचा अहवाल पडद्यावर दाखवला, या खाडीत मासेमारी नगण्य. मागच्या रांगेतल्या एक काकी उठल्या, सकाळच्या ओहोटीला खडकावरून फोडून आणलेल्या कालवांचा, म्हणजे शिंपल्यातल्या म्हावऱ्याचा, डबा सरळ सुनावणी घेणाऱ्या साहेबांच्या टेबलावर ठेवला, झाकण काढलं आणि म्हणाल्या, "ह्या अहवालात आमची कालवां खंय आसत?" साहेब म्हणाले, नोंद घेतो. लोक उठले, शेवटची एसटी गाठायची होती ना, पण काकी बसूनच. "काय लिवलास ता वाचून दाखवा." कारकुनाने वाचलं, महिलांनी रोजगाराची मागणी केली. काकी ताडकन उभ्या, "मी नोकरी मागूक नाय, कालवां खंय ता इचारलंय!" ती ओळ खोडली, कालवांचा प्रश्न जसाच्या तसा लिहिला, मगच सही झाली.

आणि हा काही उपकार नव्हता हां, नियमच आहे. शेवटी इतिवृत्त, म्हणजे सुनावणीत कोण काय बोललं त्याची लेखी नोंद, लोकांच्या भाषेत वाचून दाखवायचं आणि त्याच दिवशी सही करायची. म्हणून सांगते, वाचून घेतल्याशिवाय उठू नका.

सुनावणीची नोटीस ३० दिवस आधी पेपरात येते, पण पहाटे जेटीवर लिलावाला उभी असलेली बाई पेपर कधी वाचणार? नोटीस जेटीवर आणि एसटी स्टँडवर लावायलाच हवी.

आता न्याय. प्रकल्पाला मंजुरी मिळालीच तर पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायालयात, अपील करता येतं, मुदत ३० दिवसांची, सबळ कारण असेल तर आणखी ६०. तिथे आपण काय बोललो ते दाखवायला कागद लागतो, तेव्हा सही झालेल्या इतिवृत्ताची कॉपी लगेच मागून घ्या.