पंपामागची मजुरी

श्रोतेहो, नमस्कार.

ऑगस्ट लागला की यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या वावरांत पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कमरेला लागते आणि सकाळपासून पाठीवर औषध फवारणीचा पंप घेतलेली माणसं धुऱ्याधुऱ्यानं दिसू लागतात. आज त्यांच्याविषयी बोलायचं आहे. कामगारांचे हक्क, कामगार संघटना असा विषय निघाला की आपल्याला गिरणी आठवते, भोंगा आठवतो, नागपूरची एम्प्रेस मिल आठवते. पंप मारणारा माणूस आठवत नाही. विदर्भात विषाच्या सगळ्यात जवळ उभं राहून काम करणारा तोच आहे, तरीसुद्धा.

2017 चा पावसाळा यवतमाळ जिल्हा विसरलेला नाही. त्या साली कपाशी जागोजागी माणसाच्या डोक्याला लागली होती, किडीचा जोर होता, आणि दोन-तीन औषधं एकाच टाकीत कालवून मारणं सर्रास चाललं होतं. काही महिन्यांत एकट्या या जिल्ह्यात विसाहून जास्त माणसं फवारणीच्या विषबाधेनं गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. त्यांत कास्तकार होते, तसे दुसऱ्याच्या वावरात रोजीनं गेलेले भूमिहीन मजूरही होते. शासनानं विशेष तपास पथक नेमलं, मृतांच्या वारसांना मदत जाहीर केली. पण गावागावांत, कार्यालयांत एक वाक्य तेव्हापासून जे चिकटलं ते आजही ऐकू येतं. मजूर लोक काळजीच घेत नाहीत हो, हातमोजे दिले तरी घालत नाहीत.

काळजी घेत नाहीत, हे दिसतं. का घेत नाहीत, ते मात्र हिशोबात दिसतं. फवारणीची मजुरी बऱ्याच गावांत पंपामागे ठरते. जितके पंप रिकामे कराल तितके पैसे. आता पंधरा-सोळा लिटरची टाकी पाठीवर, चिखलाचं वावर, दमट ऊन. टाकी गळते, पाठ भिजते. पाठ साबणानं धुवायची तर विहिरीपर्यंत जायला हवं, आणि तेवढ्या वेळात एक पंप बुडतो. वारा फिरला तर थांबायला हवं, तिथे दुसरा बुडतो. रबरी मोजे आणि प्लास्टिकचा अंगरखा चढवून त्या उकाड्यात माणसाचा वेग निम्मा होतो. म्हणजे काळजी घेतली की मजुरी कापली जाते, आणि ती कापायला मालकाला काही बोलावंही लागत नाही. मजूर स्वतःच स्वतःची कापतो. म्हणून तो तोंडाला दुपट्टा बांधतो आणि चालू लागतो. दुपट्ट्यानं वाफ अडत नाही. उलट तो ओला झाला की औषध नाकातोंडाशी धरून ठेवतो.

ही औषधं, विशेषतः मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांच्या कुळातली, पोटात जावी लागत नाहीत. कातडीतून जातात, आणि घामेजल्या कातडीतून जास्त. शरीरात कोलिनएस्टरेज नावाचं द्रव्य असतं. नसेनं स्नायूला दिलेला हुकूम संपला की तो पुसून टाकायचं काम त्याचं. ही औषधं नेमकं तेच बंद पाडतात. मग हुकूम थांबतच नाही. लाळ गळते, दरदरून घाम सुटतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, नजर अंधुक होते, स्नायू फडफडतात, शेवटी श्वास अडतो. रोज थोडं थोडं अंगात गेलं तर हे द्रव्य हळूहळू उतरत जातं, आणि आठ दिवस काही न झालेला माणूस नवव्या दिवशी कोसळतो. घरी लोक म्हणतात, काल तर बरा होता. रक्ताच्या एका तपासणीत हे आधीच कळू शकतं. ती तपासणी तालुक्याच्या ठिकाणी, फवारणीच्या दिवसांत, फुकट व्हावी ही मागणी मला हातमोज्यांच्या वाटपापेक्षा मोठी वाटते. मोज्यांच्या वाटपाचा फोटो छापून येतो, तपासणीचा येत नाही, एवढाच काय तो फरक.

बायांचं वेगळंच आहे. पाणी आणणं, बादलीत औषध ढवळणं हे काम बऱ्याचदा त्यांच्याकडे असतं. टाकीत पाणी घालून पातळ व्हायच्या आधीचं, सगळ्यात जहाल औषध त्यांच्या हातांवर उडतं. संध्याकाळी नवऱ्याचे भिजलेले कपडे धुतात त्याही त्याच. पंपाच्या हिशोबात त्यांचं नाव नसतं.

कायदा काय म्हणतो? कीटकनाशकांचा कायदा 1968 चा, त्याचे नियम 1971 चे. फवारणीच्या कामावर घेतलेल्या माणसाची वैद्यकीय तपासणी, संरक्षक कपडे, विषावरचा उतारा, सगळं त्या नियमांत लिहिलेलं आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात आहे. कोणकोणत्या कामावरचा माणूस भरपाईला पात्र, याची यादी त्याला जोडलेली होती, आणि शेतात कीटकनाशक फवारणारा माणूस पुढे त्या यादीत घातला गेला. हा कायदा आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. फवारणीचा मजूर कामगार आहे की नाही, हा वाद कागदावर केव्हाच मिटलेला आहे, आणि ते ज्याला ठाऊक असायला हवं त्यालाच कुणी सांगितलेलं नाही.

आणखी एक गोष्ट मला नेहमी खटकते. 1984 साली भोपाळला वायुगळती झाली, तो कारखाना कीटकनाशकांचाच होता. त्यानंतर 1987 मध्ये कारखाना कायदा बदलला. आपण कोणत्या धोक्यात काम करतो हे जाणून घेण्याचा हक्क कामगाराला मिळाला, धोक्याच्या कारखान्यांत कामगार आणि व्यवस्थापन यांची बरोबरीची सुरक्षा समिती आली. औषध तयार करणाऱ्या हातांना हे मिळालं. तेच औषध वावरात मारणाऱ्या हातांसाठी समिती कुठली, ना फाटक, ना हजेरीपट.

आता कास्तकार श्रोते म्हणतील, भरपाईचा बोजा आमच्यावर टाकता काय? पाच एकराचा कोरडवाहू कास्तकार, त्याच्याच डोक्यावर कर्ज. खरं आहे. गिरणीमालकाशी भांडावं तसं त्याच्याशी भांडता येत नाही, आणि कित्येकदा तो स्वतःच पंप उचलतो. पण मोजे, साबण, पाणी आणि दुपारची सुटी यांचा खर्च औषधाच्या एका बाटलीहून जास्त नाही. बाकीचं मागणं सरकारकडे आणि औषध विकणाऱ्यांकडे आहे. कृषी केंद्रवाल्यानं पक्कं बिल द्यावं, मराठीतलं माहितीपत्रक द्यावं, आणि त्या पत्रकात नसलेलं मिश्रण सुचवू नये.

मागणार कोण, हा खरा प्रश्न. एकट्यानं मागितलं तर उद्या दुसरा मजूर बोलावला जातो. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, आणि 10 जून 1890 ला गिरण्यांना रविवारची सुटी मान्य करावी लागली. पण मुंबईला कशाला जायचं? नागपूरजवळच्या कामठीचे बाबू हरदास यांनी बिडी कामगारांची संघटना बांधली. 1937 मध्ये ते मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेवर निवडून आले आणि 1939 मध्ये, जेमतेम पस्तिशीत गेले. बिडीचा धंदा कसा, हे भंडारा-गोंदियाच्या श्रोत्यांना सांगायला नको. पानं ठेकेदाराची, खराब म्हणून बिड्यांची छाट काढणाराही ठेकेदार, आणि वळणारी बाई आपल्या ओसरीवर. कारखानाच नाही तर कामगार कुठला, असं तिलाही ऐकवलं जायचं. 1966 चा बिडी-सिगार कामगारांचा कायदा आला आणि घरी बसून बिडी वळणारी बाईही कायद्यानं कामगार ठरली. छत नसलेल्या धंद्यात हे होऊ शकलं. वावरालाही छत नाही.

आणि खरं सांगू, गावात संघटना अगदीच नाही असंही नाही. वेचणीच्या टोळ्या बघा. कापूस एकदम फुटला की टोळीची म्होरकी बाई किलोचा भाव बोलते आणि तो मिळेपर्यंत एकही बाई वावरात उतरत नाही. तिच्याकडे ना पावतीपुस्तक, ना झेंडा, पण सौदा ती एकजुटीनं करते. पुरुषांची फवारणी मात्र एकेकट्यानं ठरते, चहाच्या टपरीवर, ज्याची गरज मोठी त्याचा भाव लहान. पोळ्याच्या आधी गावातल्या पंपवाल्यांनी एकदा बसावं. पंपामागे नको, रोजीनं बोलावं. सकाळी आणि ऊन उतरल्यावर फवारणी, डोक्याइतक्या पऱ्हाटीत नाही, वाऱ्याच्या तोंडावर नाही, लाल खुणेची, म्हणजे सगळ्यात जहाल विषाची, बाटली असेल तर आधी दाखवावी, हे सगळं भावासोबतच ठरवावं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं 1921 मध्येच ठराव केला होता की शेतमजुराला संघटनेचा हक्क कारखान्यातल्या कामगाराइतकाच असावा, आणि भारतानं तो 1923 मध्ये स्वीकारला. संघटनेच्या नोंदणीसाठी अर्ज करायला सात जण लागतात. एवढे तर एका पाणंदीवर भेटतात.

वेळ संपत आला, म्हणून शेवटी कामाचं तेवढं सांगतो. कुणाला फवारणीनंतर लाळ, मळमळ, अंधुक दिसणं, धाप सुरू झाली तर दूध-तूप पाजू नका, उलटी काढू नका. कपडे उतरवा, साबणानं अंग धुवा, पण ते करताना तुमच्या हातांवर प्लास्टिकची पिशवी असू द्या. 108 ला फोन लावा. आणि निघताना औषधाची बाटली किंवा तिच्यावरचा कागद सोबत घ्या. औषध कोणतं यावर उपचार ठरतो, आणि डॉक्टर पहिलं तेच विचारतील. नमस्कार.